आयची गाठ वेगळी होती

"ह्या बायका अंग धूत नाहीत. म्हणून ह्यांना रेडियमचाही गुण येत नाही."

मोठ्या डॉक्टरांनी हे माझ्या आयच्या पलंगाशी उभं राहून सांगितलं. भोवती डॉक्टरी शिकणारी पोरं. एक जण हसला. आयने पदर तोंडावर ओढला. मी पायथ्याशी उभी, सतरा-अठराची. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी नुसती पलंगाची कड धरून राहिले.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झालेली. आम्ही कल्याणच्या वेशीबाहेरच्या वस्तीतले. आय ठाकुर्लीला पॉवरहाउसच्या कोळशाची राख उपसायची. ती राख नखांत बसते, टाचांच्या भेगांत बसते, कितीही घासा, जात नाही. डॉक्टरांना तेवढीच दिसली. आयचा आजार होता गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. त्यासाठीच तिला मुंबईच्या हॉस्पिटलात आणलेलं.

शेजारच्या पलंगावर डोंबिवलीच्या एका मास्तरांची बायको. मी त्यांना मामी म्हणायचे. दुखणं तेच, तितकंच वाढलेलं, गाठ जाळायला दिलेलं रेडियमही तेच. मामींना डॉक्टर 'अहो' म्हणायचे, आयला 'ए बाई'. मामींची गाठ विरत गेली. आयची तशीच राहिली. मामी मनाने चांगल्या, आपल्यातला अर्धा चहा आयला द्यायच्या. पण त्या बऱ्या झाल्या आणि आय मळकी ठरली.

घरी आल्यावर आयने धुण्याचा सोडा मागितला. रेडियमच्या शेकाने सोललेली कातडी, आणि त्यावर सोड्याचं कढत पाणी. सकाळ-संध्याकाळ. दात आवळून बसायची मोरीत.

"आय, नको गं," मी रडायचे.

"धुतलं म्हंजी गुण येईल. येवढा मोठा डागदर खोटं कशाला बोलंल?"

पुन्हा तपासणीला नेलं तेव्हा आयला वॉर्डात ठेवून घेतलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मी गाठलं. विचारलं, "दोघींना एकच रेडियम दिलं. मग मामी बऱ्या झाल्या, आय का नाही?"

"दोघींची गाठ एक नव्हतीच," त्या म्हणाल्या. "तपासायला तुकडा काढला होता ना? मामींची गाठ वरच्या अस्तराच्या पेशींची निघाली. तुझ्या आईची आतल्या ग्रंथींच्या पेशींची. हा प्रकार चिवट. रेडियमला सहसा दाद देत नाही. धुण्याचा काही संबंध नाही गं."

"मोठ्या डॉक्टरांना माहीत होतं?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "हो."

चोर सोडून संन्याशाला फाशी. चिवट गाठ होती, आणि शिव्या आयच्या अंगाला. मोठे डॉक्टर फेरीला आले, तशी मी आयच्या पलंगापुढे त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"तुम्ही सगळ्यांसमोर आयला मळकी म्हणालात. आता गाठीचं खरं कारणही सगळ्यांसमोर सांगा. तिला सांगा."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "त्याने आता काय फरक पडणार?"

"तिला पडेल."

ते मला वळसा घालून पुढच्या पलंगाकडे गेले.

मी आयला सगळं समजावलं. पुन्हा पुन्हा. तिने माझ्या गालावरून हात फिरवला, जसं काही मीच आजारी होते. माझ्यावर तिचा जीव होता, विश्वास मात्र डॉक्टरांवर. पावसाळा सरायच्या आत ती गेली. स्वतःला घाणेरडी समजतच गेली. ती गेली ह्याचं दुःख आहेच. पण ती अशी गेली, हे मला अजून गिळवत नाही.

आता आमच्या वस्तीतली कुणीही बाई दवाखान्यात निघाली की मी बरोबर जाते. पलंगाशी उभी राहते. तुकडा तपासला का, गाठ कसल्या पेशींची निघाली, विचारते. सांगेपर्यंत हलत नाही. आणि तिच्या मळाचा शब्द कुणी काढला, तर तो कितीही मोठा डॉक्टर असो, शब्द परत घेतल्याशिवाय त्याला पुढच्या पलंगाकडे जाऊ देत नाही.