दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या

कात्रीबाईंचा राग शिवणवर्गाच्या ओळखीचा होता. गळा मोठा कापला गेला की त्या कापड उंच धरून विचारायच्या, "हे माणसाच्या मानेसाठी आहे की बादलीच्या?" मुली तोंडावर हात धरून हसायच्या आणि बाईही हसायच्या. दुधासारखा राग तो, आच कमी केली की खाली बसणारा.

त्या दुपारी आलेला राग खाली बसला नाही.

संस्थेने वर्ग ऑनलाइन केले आणि एक नवे साहेब आणले. प्रवेश घेताना प्रत्येकीला विचारायचं ठरलं, तुम्हाला बघून शिकायला आवडतं, वाचून की ऐकून? जसं उत्तर तसा गट आणि जसा गट तसे धडे. बघणारींना चित्रफिती, वाचणारींना पानं आणि ऐकणारींना नुसता आवाज. तो आवाज बाईंचाच होता. रेकॉर्डिंग करताना त्यांनी एकदा विचारलं होतं, "कापड दुमडणं बोलून कसं सांगायचं?" साहेब म्हणाले होते, "ज्याची त्याची शिकण्याची तऱ्हा असते, मॅडम." वाक्य गोड होतं. बाईंनी मान डोलावली होती.

ऐकणाऱ्या गटात एक काउंटरवाली होती. मोठ्या दुकानात दिवसभर उभं राहून बिलं करायची. संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. प्रात्यक्षिक परीक्षा पास झाली तर संस्था तिला गणवेशाच्या कारखान्यात लावून देणार होती. बसून करायचं काम. परीक्षा तोंडावर आली होती आणि तिने कापलेल्या बाह्यांचा फोटो आला.

बाहीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जरा खोल कापतात, कारण हात पुढे वळतात. कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून दोन्ही थर एकदम कापले की एक बाही डावी होते, एक उजवी. नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या.

बाईंनी फोन लावला. "अगं बये, तुला दोन डावे हात आहेत का?"

पलीकडे दुकानाचा गलबला ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "बाई, धड्यात तुम्ही म्हणता, 'आता कापड असं दुमडा.' असं म्हणजे कसं? कानाला दिसतं का ते?"

रेकॉर्डिंगच्या वेळी बंद खोलीत, माइकसमोर, सवयीने बाईंचे हात हवेत कापड दुमडत होते. ते त्यांना आत्ता आठवलं.

"मग ऐकायचा गट घेतलासच कशाला?"

"हात आणि डोळे काउंटरवर अडकलेले. कान तेवढे मोकळे. काय आवडतं ते विचारलं, मी सांगितलं. शिवण कसं येईल ते कुणी विचारलं होतं?"

बाईंनी गटातल्या बाकीच्या मुलींकडून फोटो मागवले. एकीचा अपवाद सोडला तर सगळ्यांच्या बाह्या जोडीने डाव्या, नाहीतर जोडीने उजव्या. त्या तशाच उठल्या आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

"गट मोडा. बाही कापडावरच शिकावी लागते. बघून, ऐकून, हाताने, सगळं मिळून."

"जुळणी हेच आपलं वैशिष्ट्य आहे, मॅडम. जाहिरातच तशी आहे. तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"भावनेच्या नाही, रागाच्या भरात बोलतेय. तुम्ही पोहायला शिकलात ते कसं? ऐकून?"

"मला पोहता येत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "आणि गट बदलणार नाहीत."

दार आपटू नये म्हणून बाईंनी ते दोन्ही हातांनी लावलं.

शंकांचा तास मात्र त्यांचा स्वतःचा होता. त्यात त्यांनी तिन्ही गट बोलावले. मोबाइल खुर्चीच्या पाठीला बांधून टेबलावर ओणवा केला. "कागद घ्या. मी दुमडते, तुम्ही दुमडा, मग मला दाखवा. नुसती बघत बसेल तिची खैर नाही!" चित्रफिती पाहून आलेल्यांनीही चुकीचंच दुमडलं, पडद्यावर सोपं वाटत होतं म्हणे. बाई ओरडल्या, पुन्हा दाखवलं, पुन्हा ओरडल्या. घसा बसेपर्यंत.

काउंटरवाली पास झाली. ऐकणारा गट जवळजवळ सगळाच पास झाला.

आणि संस्थेची नवी जाहिरात आली. 'शिकण्याच्या तऱ्हेशी अचूक जुळणी, ऐकणाऱ्या गटाचं घवघवीत यश!' वर फोटो काउंटरवालीचा. कानांवर हेडफोन, ओठांवर हसू.

"हे तू करू दिलंस?" बाईंनी फोनवर विचारलं. "खरं काय ते सांगता येत नव्हतं?"

"कारखान्याचं पत्र साहेबांच्या हातून मिळायचं होतं, बाई. फोटो काढला, मी हसले. तुम्ही रागवाल हे ठाऊक होतं. रागवा."

बाईंना रागवायचं होतं. जिभेवर शब्द तयार होते, धारदार. पण तिच्या मागे आज दुकानाचा गलबला नव्हता. मशीन चालल्याचा एकसारखा आवाज येत होता.

"बसून बोलतेयस ना?"

"हो, बाई. खुर्ची आहे."

"मग ठेव फोन. कामाच्या वेळी बोलू नये."

त्यांनी फोन ठेवला, पहिला 'ऐकायचा' धडा संगणकावर लावला आणि आपलाच गोड आवाज 'असं दुमडा' म्हणाला तिथे दात आवळून तो धडाच पुसून टाकला. नंतर पुढचा. साहेब विचारतील. विचारू देत.