तांबडं तेल अन् करडीचं तेल

हैदराबादेहून मी जुनी विलायती गाडी आणली होती. तिचे गिअर आपोआप पडायचे, पण त्याला लागणारं तांबडं तेल परभणीतबी मिळंना. नव्या व्याह्याच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायचा माझा हट्ट, अन् गाडी त्याच्या गावाच्या, चारठाण्याच्या अलीकडंच बसली.

रस्त्याकडेला एक घाणेवाला होता. मी म्हणलं, "करडीचं तेल दे, गिअरात ओततो."

त्यानं बोटावर तेल चोळलं, एक डोळा मिटून वास घेतला. "मालक, हे भज्याचं तेल हाय. गाडीला जुलाब लागतील."

माझ्याएवढा हेकट माणूस मी तेवढाच पाहिला. त्यानं तेल दिलंच न्हाई. घाण्याचे बैल गाडीला जुंपले अन् स्वतः आत स्टेअरिंगवर बसला. "मजुरी नको. बैल तुमी हाका."

वेशीत व्याह्याची भावकी उभी होती. तिनं मालक समजून पहिला रामराम त्यालाच घातला. अन् त्यानं तो घेतलाबी!