दोन सीटा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. देवालासुद्धा नाही. त्याच्यापुढे हात जोडते, नारळ फोडते, पण ही गोष्ट काढत नाही. तुम्ही परके, तुम्हाला सांगते. ऐकून माझ्याविषयी वाईट वाटलं तर वाटू दे.

आमच्या वाडीत मला मान आहे. अंगणवाडीत मदतनीस होते, सातवी पास, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बांधावरून भांडण लागलं की लोक म्हणतात, काकीला विचारा, काकी खोटं बोलायची नाही. हा मान कशामुळे मिळाला — तेच तर सांगायचंय. पण आधी दत्तारामचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईला वेड लागलं होतं.

दत्ताराम मिनीडोर, म्हणजे तीनचाकी टमटम, चालवायचा. आंबेनळी घाटाखालच्या आमच्या वाड्यांतून पोलादपूरला जायला तेव्हा तीच एक गाडी. आणि त्याचा नियम एकच — सीटा भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. सीट म्हणजे माणूस, बरं का.

त्या सकाळी आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. घामाने सदरा भिजला. मी आणि शेजारचे महादूभावजी, दोघांनी त्यांना धरून खाली रस्त्यावर आणलं, गाडीत बसवलं. दत्ताराम तंबाखू मळत उभा. म्हटलं, चला हो लवकर. तर म्हणतो, "वैनी, दोन सीटा येऊ दे. लगेच निघतो." अहो, पाया पडले मी त्याच्या! हे गाडीचा दांडा धरून बसलेले, माझ्याकडे बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी आल्या त्याच्या दोन सीटा — दोन बाया, बाजाराच्या पिशव्या घेऊन. पोलादपूर यायच्या आधीच ह्यांचा हात दांड्यावरून सुटला.

डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

बाराव्याला दत्ताराम आला, पोटभर जेवला, आणि हात पुसत मला म्हणतो, "नशिबात व्हतं, वैनी." नशिबात? मेल्या, नशीब काय रस्त्यात तंबाखू मळत उभं होतं? पण मी ब्र काढला नाही. डूख धरला. बाजाराला त्याच गाडीने जात राहिले — दुसरी गाडी होती कुठे? मुद्दाम पुढे, त्याच्या शेजारी बसायचे. मनात एकच — सापडशील कधीतरी.

सापडला.

महाबळेश्वरकडून उतरणारी पर्यटकांची मोठी गाडी वळणावर थेट आमच्या बाजूला आली. दत्तारामने मिनीडोर कडेला घेतली, तरी धक्का बसलाच. गाडी गटारात उलटली. त्याला खरचटलं, मला खरचटलं. मागे महादूभावजींची लेक मंदा होती. तिचा उजवा हात गाडीखाली आला. पोलादपूरला शिवणकाम करायची पोर, पंजा काढावा लागला.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. मी म्हटलं, डोकं गरगरतंय, आठवत नाही. आठवत होतं सगळं. पण पंचनाम्याआधीच लोकांनी गाड्या हलवल्या होत्या, मागच्यांना काही दिसलं नव्हतं. पुढे बसलेली मी एकटी. म्हणजे आता माझ्या जिभेवर होतं ना सगळं?

मंदाने भरपाईचा दावा लावला. कोर्टात मला विचारलं, काय पाहिलं? मी सांगितलं — समोरची गाडी आपल्या बाजूने सावकाश येत होती. दत्ताराम मोबाईलवर बोलत होता, बाजू सोडून तिच्या अंगावर गेला. "वैनी, खोटं बोलू नको!" तो ओरडला. साहेबांनी त्यालाच गप्प केलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! मीही एकदा अशीच ओरडत होते आणि कुणी ऐकत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस. संन्यासी? तो? छे! कोर्टाने सगळी चूक त्याचीच धरली, गाडी भंगारात गेली, आता दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जातो. मला आजही त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

मग तुम्ही असंही म्हणाल — बाईला काय ठाऊक, यात मंदाचं नुकसान होईल? कोर्टकचेरीतलं तिला काय कळणार? आणि हेच तर — हेच सांगवत नाही.

साक्षीआधी मंदाचा वकील महाडहून आला होता. माझ्या ओटीवर बसून त्याने सगळं समजावलं. काकी, मोठ्या गाडीचा विमा चालू आहे. चूक तिची ठरली तर विमा कंपनी मंदाला भरपाई देईल. मिनीडोरचा विमा दत्तारामने भरलेलाच नाही. सगळी चूक त्याची ठरली तर भरपाई त्याच्या खिशातून, आणि त्याचा खिसा फाटका, मंदाला मिळणार काय? काही फिरवू नका, पाहिलं तेवढंच सांगा. कळलं ना?

मी म्हटलं, कळलं. कळलंच होतं हो! त्यात न कळण्यासारखं काय होतं? मला एकच शब्द गोड लागला — त्याच्या खिशातून. मंदाचं ऐकलं, आणि बाजूला सारलं. माझ्या नवऱ्याला धरून खाली आणणाऱ्या माणसाची लेक, तिचं बाजूला सारलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. ते आपोआप जळलं नाही, मी जाळलं.

दत्तारामने गावात सांगून पाहिलं. कोण ऐकतंय? एकदा माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. "वैनी, त्या दोन सीटांपायी केलंस ना? माझा गळा धरायचा व्हता. पोरीच्या हाताचं पैसं कशापायी बुडवलंस?" मी दार लावून घेतलं.

मंदाच्या हाती म्हणावं असं काही आलं नाही. तिचं लग्नही जमलं नाही. परवा ती माझ्याकडे तांदळाची भाकरी घेऊन आली. एका हाताने थापलेली, कडा फाटलेल्या. म्हणाली, "काकी, तो वकील तुला खोटं शिकवून गेला व्हता ना? वाडीत सगळ्यांना ठाव हाय. माझ्यासाठी पण तू खोटं नाय बोललीस. तवा लय राग आला व्हता गो तुझा. आता नाय."

मी तिला बस म्हटलं. तिच्यासमोर बसून ती सगळी भाकरी खाल्ली. आणि चांगली झालीय, म्हणाले.