हाताला गुण

बाई चौथीचा वर्ग शिकवत. अडखळणाऱ्या मुलाशेजारी बाकावर बसत आणि त्याला स्वतःहून शब्द सापडेपर्यंत गप्प राहत. धाकट्या बहिणीला त्यांनी असंच वाचायला शिकवलं होतं. तीही आता चौथीचीच शिक्षिका, दोन रस्ते सोडून दुसऱ्या शाळेत.

यंदा शिक्षण कार्यालयाने सारख्या शाळांच्या जोड्या लावल्या. तेवढाच पट, तशीच वस्ती, पालकांची तीच कामं. मग एकीचे गुण जास्त का, हे दुसरीने जाऊन बघायचं आणि शिकायचं. बाईंची जोडी बहिणीच्या शाळेशी लागली. बाईंचा वर्ग बराच मागे होता. चौथी काढून घेऊ, असं कार्यालयातले साहेब म्हणाले होते.

घरचंच माणूस, लाजायचं काय, म्हणत बाई गेल्या.

बहिणीचा वर्ग घडाघडा वाचत होता. शेवटच्या बाकावर बाई कान देऊन बसल्या. एकही आवाज अडखळेना, तसा त्यांना भरलेला वर्ग ओसाड वाटू लागला.

मधल्या सुट्टीत त्यांनी शिपाईमामांना विचारलं, "इथली कच्ची मुलं कुठे बसतात हो?"

"कच्ची? ती तुमच्याकडेच की!" मामा हसले. "धाकट्या बाई पालकांना समजावतात ना, आमच्या ताईच्या हाताला गुण आहे, तिकडे घाला."

हे वाक्य बाईंनी कितीतरी पालकांच्या तोंडून ऐकलं होतं. ऐकलं की त्या दिवशी त्या जरा ताठ चालत घरी जात.

बहीण फळा पुसत होती.

"गुण माझ्या हाताला आणि तुझ्या निकालाला. छान वाटणी केलीस गं."

"खोटं बोलले का मी, ताई? शिकतातच ना ती तुझ्याकडे?"

"शिकतात. उशिरा."

"मग सांग साहेबांना. येतील परत इकडे. बसतील मागे कुठेतरी."

मागे म्हणजे काय, ते दोघींनाही ठाऊक होतं. बाई साहेबांकडे गेल्या नाहीत.

साहेबांनी चौथी काढली नाही. बहिणीलाच मार्गदर्शक म्हणून त्यांच्या वर्गावर धाडलं. ती आली, टेबलावर पर्स ठेवली. "चल ताई, करूया सुरुवात?"

"वर्गात बाई म्हणायचं."

मुलं खुदकन हसली. बहीणही हसली. "बरं, बाई. आणि घरी?"

"घरी येऊ नकोस."

हे त्या इतक्या हळू बोलल्या, की मुलं हसतच राहिली.