आचाऱ्याचा हिरवा

नाटकाच्या पडद्यावर जंगल रंगवायचं ते पेंटरीणबाईनंच, हे त्या थिएटरात इतकं मुरलेलं होतं की लेखक मंडळी तिच्या भरवशावर नाटकात एखादं रान घुसडून मोकळी व्हायची. कापड जमिनीवर अंथरायचं, लांब काठीला ब्रश बांधायचा आणि अनवाणी त्या कापडावरून चालत झाडं उभी करायची. चालता चालता ती झाडांना दटावायचीसुद्धा. "सरळ राहा मेल्या, तुला एकट्यालाच कसा वारा लागतो?"

रंग कालवायचा तो नवऱ्यानं. मागच्या खोलीत शेगडीवर, रंग कापडाला धरून राहावा म्हणून, सरस वितळत ठेवून बादलीत रंगाची भुकटी ढवळत बसायचा, म्हणून सगळे त्याला आचारी म्हणत. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. उलट येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे बादली धरून "मीठ बरोबर आहे का बघा" म्हणायचा. हा सरसातला रंग मोठा लबाड. ओला असताना काळपट दिसतो, वाळला की उजळतो. म्हणून आचारी लाकडी पट्टीवर एक फटकारा मारायचा, शेगडीच्या उबेला धरायचा आणि वाळेपर्यंत गप्प बसायचा. मग पट्टी बायकोच्या नाकासमोर.

"चालेल?"

"चालेल."

आमच्या संसारात एवढंच बोलणं झालं, असं दोघं हसून सांगत.

आचारी गेला आणि वर्ष व्हायच्या आत नवं नाटक आलं. त्यात जंगल होतंच. बाईनं स्वतः रंग कालवला, बादलीत डोकावली आणि मोरीत ओतून दिला. दुसरी बादली कालवली, तीही ओतली. वाळल्यावर रंग उजळतो हे तिला काय कुणी शिकवायला हवं होतं? पण वाळेपर्यंत त्या शेगडीपाशी, त्याच्या स्टुलासमोर थांबणं तिच्यानं होईना. ओला रंग बघायचा, "हा त्यांचा हिरवा नाही" म्हणायचं, की चालली बादली मोरीकडे. मोरी बिचारी शेवाळल्यासारखी दिसायला लागली.

मॅनेजर भला माणूस. चार दिवस बघून तो हळूच म्हणाला, "बाई, या वेळी पडदा छापून आणू का? तुम्ही जरा दम खा."

तो मायेनंच बोलला. पण बाईला वाटलं, आपल्यालाच कुणी बादलीसकट ओतून दिलं. या वेळी छापला की पुढच्या वेळी कुणी विचारणारसुद्धा नाही. "महिनाअखेरीपर्यंत थांबा," एवढंच ती म्हणाली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी दारात नणंद हजर. ही बाई गावाबाहेर, रानाच्या कडेला दोन खोल्यांत मधमाश्या पाळून राहायची. माश्यांपेक्षा तिच्या जिभेलाच लोक जास्त भीत.

"वहिनी, कपडे भर."

"वन्सं, मला काम आहे."

"कसलं? मोरी रंगवायचं? ती झाली म्हणे रंगवून." पिशवीत वर ठेवलेले ब्रश नणंदेनं काढून कॉटवर टाकले. "हे राहू देत. माझ्या माश्या आहेत त्या रंगात बऱ्या आहेत."

रानात गेल्यावर बाईचा जीव आणखीच कावला. जिकडे बघावं तिकडे हिरवंच. ती प्रत्येक झाडाशी थबकायची, पान उलटसुलट करायची आणि तोंड वाकडं करून पुढे जायची. दोन दिवस नणंदेनं हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "दादाचा हिरवा शोधतेयस होय? इथे नाही मिळायचा. त्यानं रान पाहिलं होतं कधी? इथे आला की दार लावून पंख्याखाली. एकदा कानाशी माशी गुणगुणली तर कपड्यांसकट पाण्याच्या टाकीत उतरून बसला होता."

"टाकीत?"

"गळ्यापर्यंत. आणि मला म्हणतो, 'उकडत होतं गं.'"

बाईला हसू फुटलं. हसता हसता कधी रडू आलं ते कळलं नाही, आणि नणंदेचीही गाळणी हातातच राहिली. जंगलवाली म्हणून नावाजलेल्या बाईच्या जंगलाचा रंग एका रानाला भिणाऱ्या माणसानं आपल्या मनानं कालवला होता. असा रंग झाडावर कुठून सापडणार?

मग नणंदेनं तिला कामाला लावलं. काम काय, तर सकाळी मधपेट्यांसमोर बसायचं. एखाद्या पेटीतल्या माश्या घर सोडून निघाल्या तर हाक मारायची. पहिले काही दिवस बाई पेट्यांवर डोळे रोखून, पोलिसासारखी बसली. मग नजर हळूहळू मागच्या झुडपावर जायला लागली. सकाळी ते दवानं निथळत असायचं, जवळजवळ काळं. ऊन एका कडेनं चढायचं आणि पान पान वाळत उजळत जायचं. एक फांदी पिवळट व्हायची, शेजारची अजून शाईत बुडवल्यासारखी. खाली सावलीत तर हिरवं नव्हतंच. तिथे जांभळं होतं, विटकरी होतं. बाईचा हात मांडीवर आपोआप हलायला लागला.

त्याच सकाळी एक अख्खी पेटी रिकामी झाली. माश्यांचा थवा घोंगावत तिच्या डोक्यावरून गेला आणि बाईला पत्ता नाही. नणंद ओरडत धावत आली.

"अगं वहिनी, तुला इथे कशाला बसवलंय? काय बघत होतीस?"

"ते झुडूप वाळत होतं," बाई म्हणाली.

नणंदेनं वहिनीच्या हलणाऱ्या बोटांकडे पाहिलं. "मग असू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "पळून पळून जातात कुठे, त्या फांदीला लोंबकळल्या असतील. चल, पेटी धर."

बाईनं रिकामी पेटी खाली धरली, नणंदेनं फांदी झटकली. चार डंख बाईच्या मनगटावर बसले, पण पेटी काही हलली नाही.

परतल्यावर बाईनं शेगडी पेटवली. स्टूल ओढलं आणि त्यावर स्वतः बसली. पट्टीवर फटकारा मारला, उबेला धरला आणि वाळेपर्यंत बसून राहिली. डोळे भरून आले, तरी उठली नाही. रंग वाळला. तो आचाऱ्याचा नव्हता. तिनं शेजारी दुसरा कालवला, मग त्यात विटकरी मिसळून तिसरा. संध्याकाळपर्यंत पट्ट्यांची रांग लागली. मॅनेजर दारातून डोकावला.

"बाई, हा तर आपला नेहमीचा हिरवा नाही."

"नाही," बाई म्हणाली. "तो त्यांचा होता. तो आता संपला." आणि चपला काढून ती कापडावर उतरली.

रात्री नणंदेचा फोन आला.

"झालं का गं जंगल?"

"कुठलं? एक झाड झालंय."

"एवढंच?"

"वाकडं झालंय वन्सं. पण राहू दिलंय तसंच."

पलीकडून नणंदेनं विचारलं, "जेवलीस का?"

"जेवते आता," बाई म्हणाली. "भूक लागलीय."