मामांचे ब्रेक पॅड

जगातली झाडून सगळी माणसं गाडी घेतात ती पळवायला. माझ्या बायकोच्या मामांनी गाडी घेतली ती थांबवायला. हे मी थट्टेनं म्हणत नाही. त्यांच्याबद्दल थट्टेनं म्हणण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा डावा आरसा चिकटपट्टीच्या भरवशावर जगतो, मागचं दार आतून लाथ बसल्याशिवाय उघडत नाही आणि एसीचं बटण दाबलं की वायपर फिरतात. याबद्दल कुणी विचारलं तर मामा त्या माणसाकडे दयेनं बघतात. पण चाकांच्या आत डोकावलात तर तिथं एखाद्या ऑपरेशन थिएटरसारखी स्वच्छता असते. उमरोळीला त्यांची नारळ-केळीची वाडी आहे. बोईसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात पस्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, आणि तिथून सुटल्यावर त्यांनी स्वतःला ब्रेक खात्यात नेमून घेतलं.

याला कारण मामी. बारा वर्षांपूर्वी दोघं जव्हारहून एक लग्न उरकून विक्रमगडकडे घाट उतरत असताना त्यांच्या आधीच्या गाडीचे ब्रेक तापून गेले. मामांनी गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. खरचटलं फक्त गाडीला. मामी शांतपणे उतरल्या, पदर सारखा केला, मागून येणाऱ्या एसटीला हात केला आणि तेव्हापासून मामांच्या गाडीत बसल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, फक्त गाडीत बसायचं नाही. मामी पालघरच्या बाजारात शेअर रिक्षानं जातात आणि रिक्षाच्या मागे वीस हात अंतर ठेवून मामा रिकामी गाडी चालवत जातात. येताना पिशव्या मामांच्या गाडीत आणि मामी रिक्षात. उमरोळीच्या लोकांना आता त्यात काही वाटत नाही, पण नवीन रिक्षावाला हटकून घाबरतो. एकानं तर मध्येच रिक्षा थांबवून मामींना विचारलं होतं, "काकी, तो म्हातारा कवापासून मागं लागलाय, पोलिसात सांगू का?" मामी म्हणाल्या, "नको रे, तो माझाच हाय."

मामांच्या आयुष्यात आता एकच काम उरलं होतं, मामींना परत शेजारच्या सीटवर बसवणं. त्यासाठी कधीही दगा न देणारे ब्रेक हवेत, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. ब्रेक म्हणजे काय, तर चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी डिस्क आणि तिला दोन्हीकडून धरणारे दोन पॅड, इतकंच मला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं. मामांनी ते चालू दिलं नाही. मी जावई माणूस, सणाला जेवायला गेलो की पानावर बसायच्या आधी मला पॅड हातात घेऊन वजन सांगावं लागे. सहा जोड्या झोपाळ्यावर ओळीनं मांडलेल्या असत आणि मामा प्रत्येकाचं वर्णन मुलीला सांगून आलेल्या स्थळासारखं करत. "ह्यो बगा जावयबापू, दिसायला बरा, आवाज करत नाय, पण दमतो लवकर. ह्यो कडक हाय, पण डिस्क खातो." दुकानदाराला त्यांचा प्रश्न एकच असे: "तापल्यावर कसा वागतो ते सांग. थंड हाय तवर सगळेच शाने." बोईसरच्या एका दुकानदारानं बिचाऱ्यानं एकदा सांगून पाहिलं, "अंकल, यही ले लो, सब यही लगाते हैं." मामांनी स्टूल ओढून घेतलं आणि "सब म्हणजे कोण, नाव सांग" म्हणून त्याच्याकडून अकरा गिऱ्हाइकांची नावं काढून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात त्यातल्या सात जणांच्या घरी जाऊन आले.

डिस्कच्या बाबतीत तर ते फारच हट्टी. हल्ली भोकं पाडलेल्या डिस्क मिळतात, शर्यतीच्या गाडीसारख्या दिसतात, पोरं त्यासाठी जीव टाकतात. दुकानदारानं मोठ्या कौतुकानं तशी एक काढून दाखवली तेव्हा मामांनी ती उजेडात धरून आरपार पाहिलं आणि परत केली. "ही चाळण घरी ने, पीठ चाळायला होईल. तापली की भोकापासनं तडा जातो हिला." त्यांनी घेतली ती साधी, जाड, आतून हवा खेळायला पोकळी असलेली डिस्क. ब्रेक ऑईलची बाटली तर ते घरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवत, आणि कुणी विचारलं तर सांगत, की समुद्राकाठी मीठ उघडं राहिलं की त्याला पाणी सुटतं तसंच हे ऑईल हवेतलं पाणी पितं, आणि पाणी प्यालेलं ऑईल घाटात उकळतं. मामी एकदा घाईत तीच बाटली भाजीवर ओतायच्या बेतात होत्या. त्यानंतर बाटली गोठ्यात गेली.

शेवटी मामांनी शर्यतीच्या गाडीचे पॅड घेतले. नवे पॅड नुसते लावून भागत नाही, ते डिस्कवर बसवावे लागतात. गाडी वेगात न्यायची, करकचून ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेगात न्यायची, असं तीस वेळा. मामांनी यासाठी बेटेगावचा रस्ता निवडला. चहाच्या टपरीवरची माणसं सांगतात, की जायचं की परत फिरायचं हे या माणसाचं दर पावलाला बदलत होतं. तीस वेळा झाल्यावर मामांनी धुरकटलेली गाडी बोईसरच्या एका गल्लीच्या तोंडाशी निवायला लावली आणि स्वतः गल्लीच्या दुसऱ्या टोकाला चहा प्यायला गेले. आता बोईसरची माणसं कशी, तर आसपास सगळे रसायनांचे कारखाने, त्यामुळे त्यांना वास आला की आधी खिडक्या बंद होतात आणि मग चर्चा सुरू होते. पाच मिनिटांत गल्ली रस्त्यावर आली. कुणी म्हणालं गॅस लागलाय, कुणी नाकाला ओला रुमाल लावून सांगितलं की हा रंगवाल्यांचा वास नाय, औषधवाल्यांचा हाय. मामा चहा टाकून उठले. पस्तीस वर्षं कारखान्यात सुरक्षेचं शिक्षण घेतलेला माणूस. त्यांनी दोरीवरच्या वाळत्या लुंगीकडे बघून वाऱ्याची दिशा ठरवली आणि मोठ्यानं सांगितलं, "वाऱ्याच्या उलट चला, कोण पळू नका, पोरांना पुढं घ्या." सगळी गल्ली शिस्तीत मामांच्या मागून निघाली. जसजसं पुढं जावं तसतसा वास वाढत गेला. शेवटी पन्नास-साठ माणसं एका पांढऱ्या गाडीसमोर येऊन उभी राहिली, आणि मामांनी तिच्याकडे पाहून मान खाली घातली. एक बाई एवढंच म्हणाल्या, "अंकल, हमारी रोटी जल गई." दोन तरुण मात्र नाकावरचे रुमाल न काढता चाकाशी वाकले आणि पॅड कुठले म्हणून विचारू लागले.

मामींच्या कानावर हे गेलंच. त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पहिल्यांदाच एक अट घातली. हौशी माणसांना आपापली गाडी मोकळेपणी पळवायला देतात असा शर्यतीचा एक ट्रॅक दक्षिणेत आहे, तिथं जायचं मामांच्या मनात कधीपासून होतं, कारण ब्रेकची खरी परीक्षा रस्त्यावर घेता येत नाही. मामी म्हणाल्या, "जा तिकडं. वीस मिनटं काय तापवायचं ते तापवा नि धड परत या. मग मी बसेन." मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला नाही म्हणणं मला जमलं नाही, आणि माझी चार दिवसांची रजा ट्रॅकवर गेली.

तिथं सगळी पंचविशीतली पोरं आणि त्यांच्या रंगीत गाड्या. त्यांत हेल्मेट घातलेले, पायातली चामड्याची चप्पल काढून माझे बूट घातलेले मामा. सरळ रस्त्यावर त्यांना सगळ्यांनी मागं टाकलं. एक पिवळी गाडी तर दोनदा. पण वळण आलं की पोरं लवकर ब्रेक मारत आणि मामा शांतपणे आणखी पुढं जाऊन मारत. चौथ्या फेरीत त्या पिवळ्या गाडीच्या ब्रेकचा पेडल मऊ पडला, कितीही दाबला तरी ब्रेक लागेना, आणि ती सरळ खडीत जाऊन रुतली. तिच्या भोकं पाडलेल्या डिस्कला केसाएवढा तडा गेलेला मामांनी स्वतः जाऊन पाहिला. मी म्हटलं आता व्याख्यान. पण मामांनी त्या मुलाला पाणी दिलं, वाडीतली दोन केळी दिली आणि त्याच्या शेजारी खाली बसून राहिले. वीस मिनिटांत मामांचा पेडल एकदाही मऊ पडला नाही. परतीच्या वाटेवर वैतरणा ओलांडेपर्यंत ते काहीतरी गुणगुणत होते. त्यांना सूर नाही हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी ठेवणीतली साडी नेसून, केसांत मोगरा माळून पुढच्या सीटवर बसल्या. केळव्याला देवीला जायचं होतं. मी मागं, दाराला लाथ मारायला. आता त्या पॅडचा एक स्वभाव होता. शर्यतीचे पॅड तापल्यावर धरतात, गार असताना नाही. म्हणून मामा रोज सकाळी निघताना वाडीच्या वाटेवर आठ-दहा वेळा गचके मारून ते ऊन करून घेत. त्या दिवशी शेजारी मामी होत्या, त्यांना गचके बसू नयेत म्हणून मामांनी ते केलं नाही. वाट जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथं त्यांनी ब्रेक दाबला. चाकं किंचाळली आणि गाडी दोन हात पुढं, रस्त्यात जाऊन थांबली. एक टेम्पो हॉर्न देत बाजूनं गेला. मामींनी दार उघडलं आणि चालत घरी गेल्या. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. बारा वर्षांत मी त्यांना इतकं म्हातारं पाहिलं नव्हतं. "घाटाचाच इचार केला मी," ते म्हणाले. "ती तर घरच्या वाटेवर बसली."

दुपारी झोपाळ्यावर ते तसेच बसले होते. मामी ताक घेऊन आल्या. मी जमेल तसं त्यांना समजावलं, की पॅड वाईट नाहीत, ते तापवून चालवायचे असतात, घरच्या वापराला कारखान्यातून येतात तेच साधे बरे. मामींनी ऐकून घेतलं आणि मामांना म्हणाल्या, "मग तिकडं जायचं तवा ते घाला, हिकडं आलं की काढा. चिखलातली चप्पल घालून कोण लग्नाला जातं काय?" मामा बायकोकडे बघतच राहिले. असं पॅड बदलायला त्यांना पाऊण तास लागतो, आणि हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. "तू बाजूला बसत असतीस तर कवाच सांगितलं असतंस," ते म्हणाले. मामी आत गेल्या. मला वाटतं ताक करतानाच त्या रडल्या असाव्यात, कारण ताकात मीठ दोनदा पडलं होतं.

संध्याकाळच्या आत साधे पॅड बसले. दुसऱ्या सकाळी आम्ही परत निघालो. वाट रस्त्याला मिळाली तिथं गाडी अलगद थांबली आणि मामी मात्र शेजारच्यांनी कुंपण पुढं सरकवलंय म्हणून सांगत होत्या. गाडी थांबली हे त्यांना कळलंच नाही. मामा आरशातून माझ्याकडे पाहून हसले, आणि मग लगेच रस्त्याकडे बघू लागले, कारण डोळे भरून आले होते. मामी बोलत राहिल्या. कुणाचं लग्न मोडलं, विहिरीला पाणी किती आहे, दमणहून आलेल्या नणंदेनं काय म्हटलं, बारा वर्षांत शेजारी बसून सांगायचं राहिलेलं सगळं. मामा ताशी पंधराच्या वर गेले नाहीत, सायकली पुढं जात होत्या. मला एकीकडे फार आनंद झाला आणि दुसरीकडे त्या बारा वर्षांचं फार वाईट वाटलं. केळव्यात देवळाकडे वळायची गल्ली आली आणि मागं राहिली. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.