पांढऱ्या पायाची

परदेशात, टॅला नावाच्या उपनगरात घरगुती डबे देणारी वृंदा तोंडाची फटकळ. बारा वर्षांपूर्वी तिचा दादा ऐन तिशीत कॅन्सरने गेला, तेव्हा नाशिकच्या घरात सगळ्यांदेखत तीच म्हणाली होती, "वहिनी पांढऱ्या पायाची निघाली." सरलावहिनीच्या मांडीवर तेव्हा सहा महिन्यांची मुक्ता होती. दादासाठी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला, तेव्हा वहिनीला साधं बोलावलंही नाही.

२०२१च्या फेब्रुवारीत वृंदाच्याच स्तनातली कॅन्सरची गाठ काढली. तिची आत्याही कॅन्सरनेच गेलेली, म्हणून डॉक्टरांनी तिचं रक्त जनुक-तपासणीला पाठवलं. कोविडमुळे निकाल फोनवरच कळला. डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. पेशीत बिघाड झाला की पी-फिफ्टीथ्री नावाचं प्रथिन डीएनएचा धागा ठरावीक जागी पकडतं, आणि पेशीची वाढ थांबवणारी जनुकं चालू करतं. तुमच्यात मात्र पकडीच्या जागेचाच आकार बिघडलाय, त्यामुळे धागा धरताच येत नाही आणि बिघडलेल्या पेशी वाढत राहतात. हे बहुधा वडिलांच्या घराण्यातून आलंय.

वृंदाने उकळत्या आमटीखालचा गॅस बंद केला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दोष तुमचा नव्हताच. आमच्याच रक्तात होता. मी नको ते बोलले, मला माफ करा."



"माझं राहू द्या, वन्सं," वहिनी म्हणाली. "मुक्ताचा बाप तुमचाच भाऊ होता. तिची तपासणी कुठे करायची, तेवढं सांगा."